‘अम्मी, तुझा क चुकतो’

नमस्कार मॅडम,
माझं माहेर आर्वीजवळच्या खेड्यातलं. आम्ही मुसलमान, पण घरात बोलणं मराठीच, तेही वऱ्हाडी. दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकले. नमाजेपुरत्या कुरआनातल्या सुरा आजीनं तोंडी शिकवल्या. अरबी वाचायला कोणी शिकवलं नाही आणि उर्दूचं तर नावच नाही. लग्न होऊन नागपूरला, जाफरनगरात आले. सासरी सगळे उर्दू-हिंदी बोलतात. मुलगी सात वर्षांची, दुसरीत आहे. सासूबाईंच्या आग्रहानं तिला इस्लामी प्राथमिक शाळेत घातलं. माध्यम इंग्रजी, सोबत उर्दू, मराठी, नाजरा (कुरआन बघून वाचणं) आणि दीनियात (धर्माचं शिक्षण). शाळा साडेसात ते एक, शुक्रवारी 11 लाच सुटते, रविवारी सुट्टी. दुपारी साडेचारला ट्यूशन. मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजेनंतर मोहल्ल्यातल्या मकतबमध्ये हाफिजजींकडे (कुरआन तोंडपाठ असलेले गुरुजी) तासभर कुरआन शिकायला. मग होमवर्क. झोपायला साडेदहा वाजतात, सकाळी 6 ला उठवते तेव्हा रडते.
जाऊबाई म्हणतात, शुक्रवारी अर्धीच शाळा, हा काय अभ्यास झाला, कॉन्व्हेंटला टाका. माझा भाऊ म्हणतो, पोट्टीचं मराठी गेलं, उद्या तलाठ्याची परीक्षा कशी देईल? मलाही वाटतं, नुसतं पाठ करून राहिली, अर्थ तर कळत नाही. आणि मागच्या आठवड्यात सगळ्यांसमोर ती मला म्हणाली, ‘अम्मी, तुझा क चुकतो. तुला येत नाही, तू राहू दे.’ सासूबाई हसल्या. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. शाळा बदलू का?
— एक आई, जाफरनगर

शाळेचं तुम्ही शेवटी विचारलंय, पण पत्रातला ओला भाग तो क आहे, म्हणून आधी त्याचंच बघू.

मी नागपुरातल्या एका उर्दू शाळेत 22 वर्षं मराठी शिकवलं. पोरं मला ‘मराठीवाली मॅडम’ म्हणायची. धर्माचं मला विचारू नका, ते सांगणारे तुमच्याकडे आहेत. शिकवण्या-शिकण्याचं मात्र मी बोलू शकते.

तुमची लेक बोलली ते उद्धटपणाचं होतं, पण चूक नव्हतं. अरबीत दोन क आहेत. एक आपल्यासारखा. दुसरा पार घशाजवळून, जिभेचं मूळ पडजिभेकडे लावून काढायचा. त्या दुसऱ्या क नं ‘कल्ब’ म्हटलं तर हृदय, आणि साध्या क नं म्हटलं तर कुत्रा. म्हणून तर शिकवणारे त्या एका अक्षरावर पंधरा पंधरा दिवस अडून बसतात. अक्षर तोंडातून जिथून निघतं त्या जागेला ते मखरज म्हणतात, आणि शुद्ध वाचायच्या सगळ्या शास्त्राला तजवीद. तुमच्या आजीनं शिकवलेली सुरा बहुधा तीच चार आयतींची, म्हणजे चार वचनांची असणार, जी ‘कुल’ शब्दानंच, त्या घशाकडच्या क नं सुरू होते. म्हणजे पहिल्याच अक्षराला तुम्ही सापडलात! आजीनं कानावर आलं तसं दिलं, तुम्ही घेतलं तसं ठेवलं. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

आता एक करा. लेकीला ‘डोळा’ म्हणायला सांगा. उर्दू-हिंदी बोलणाऱ्या घरातलं लेकरू हमखास ‘डोला’ म्हणतं. ‘शाळा’ची ‘शाला’ होते, ‘गाळ’चा ‘गाल’ होतो, आणि ‘झाडाचं मूळ’ हे ‘झाडाचं मूल’ होऊन बसतं. माझ्या वर्गात एका पोरानं निबंधात ‘मला बाल आवडते, मी त्याला मांडीवर घेतो’ असं लिहिलं होतं. मी हिंदीतला बाल समजून लाल पेनानं त्यावर ‘केस’ लिहून ठेवलं होतं, नंतर कळलं की त्याला घरी नुकताच भाऊ झालाय. ळ लाही मखरज असतो. आपण त्याला उच्चारस्थान म्हणतो, आणि जीभ मागे वळवून टाळूला लावल्याशिवाय ते अक्षर निघत नाही. तर तिनं तुमचा क धरावा, तुम्ही तिचा ळ धरा.

पण जरा थांबा. तुम्ही आर्वीकडच्या ना? आपल्या वऱ्हाडात तर ळ चा य होतो. माझी आजीही ‘डोया दुखते’, ‘नयाले पाणी नाही’ असंच बोलायची, आणि तिच्या तोंडी ते गोडच वाटायचं. म्हणजे लेकीचा ‘डोला’ आणि अम्मीचा ‘डोया’! तुम्ही दोघींनी मिळून ळ गिरवायचा. घरात खुशाल ‘डोया’ म्हणा, ती आपली बोली आहे, टाकू नका. पुस्तक उघडलं की मात्र जीभ मागे. लेकीला हे कळलं ना, की अम्मीचीही एका जागी पंचाईत होते आणि आपलीही होते, तर ‘तुला येत नाही’ हे वाक्य तिच्या तोंडून आपोआप मऊ होईल. तिला रागावून ते होणार नाही.

रोज दुपारी जेवण झाल्यावर पंधरा मिनिटं द्या. सात-आठ मिनिटं ती मॅडम, उरलेली तुम्ही. तिचा कायदा उघडा. कायदा म्हणजे अरबी वाचनाचं पहिलं पुस्तक, आपली अंकलिपी समजा. त्यात आधी सुटी 28 अक्षरं असतात, मग ती जोडून, मग त्यांच्यावर-खाली खुणा. अक्षरावर तिरपी रेघ ती जबर, अ चा उच्चार. तीच रेघ खाली आली की जेर, म्हणजे ऱ्हस्व इ. वर स्वल्पविरामासारखा वळलेला पेश, म्हणजे ऱ्हस्व उ. तुम्हाला काना-वेलांटी-उकार येतात, तेव्हा ही बाराखडीच आहे, फक्त उजवीकडून डावीकडे चालते. मला एका सहकारी आपांनी (उर्दूत आपा म्हणजे ताई) मधल्या सुट्टीत हे शिकवलं होतं. तीन आठवड्यांत मी अडखळत वाचायला लागले, तेव्हा माझं वय 41 होतं. तुम्ही माझ्याहून लवकर शिकाल, कारण सुरा तुम्हाला तोंडपाठ आहेत. डोळ्याला फक्त कानाच्या मागे चालायचं आहे.

यातून आणखी एक कोडं सुटेल. उर्दूच्या वाचनात ती अडखळते की नाही? अडखळत असेल, आणि घरचे म्हणत असतील की कुरआन तर फडाफडा वाचते, मग उर्दूतच काय होतं? होतं असं, की कुरआनाच्या छपाईत जबर-जेर-पेश सगळं दिलेलं असतं आणि उर्दूच्या पुस्तकात बहुतेक ठिकाणी ते गाळलेलं असतं. शब्द ओळखीचा असेल तरच वाचता येतो. समजा, मराठीत कोणी काना-वेलांट्या न देता पुस्तक छापलं तर? शिवाय अक्षराचं वळणही वेगळं. अरबीचं बसकं, सुटसुटीत, आणि उर्दूचं तिरपं, एकावर एक रेललेलं. म्हणून उर्दू अडली तर आळशी म्हणू नका. सासूबाईंना तिला उर्दूत गोष्टी सांगू द्या. शब्द कानात साठले की डोळ्याला सापडतात. हे काम त्यांचं; ते त्यांच्याकडे सोपवलंत तर त्यांनाही बरं वाटेल, आणि त्या दिवशीचं हसणंही पुसलं जाईल थोडंसं.

गणितात तर तुम्ही आजपासूनच तिच्या मॅडम होऊ शकता. उर्दूत अक्षरं उजवीकडून लिहितात, पण आकडे आपल्यासारखेच डावीकडून. हातचे, वजाबाकी, सगळं तेच. आणि हा ‘वजाबाकी’ शब्द बघा, त्यातले ‘वजा’ आणि ‘बाकी’ दोन्ही अरबीतून आलेत. तारीख, हजेरी, मदत, हिशोब हेही तिकडचेच. वर्गात मी नवं मराठी पुस्तक काढलं की पहिल्या दिवशी पोरांना सांगायची, यातले तुम्हाला आधीच येणारे शब्द शोधा. पाटी भरून जायची.

आता आठवड्याकडे येऊ. जाऊबाईंचा शुक्रवार आपण कागदावर मोजून टाकू, कारण असे वाद तोंडी मिटत नाहीत. पाच दिवस साडेपाच तास म्हणजे साडेसत्तावीस. शुक्रवारचे साडेतीन. झाले 31. त्यातून नाजरा-दीनियातचा रोज 40 मिनिटांचा तास धरला तर आठवड्याला चार तास गेले. मधली सुट्टी आणि वुजू (नमाजेआधी हातपाय-तोंड धुणं) व नमाज यांचे साडेतीन काढा. उरले साडेतेवीस. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला 200 दिवस आणि 800 तास असं माप दिलंय, म्हणजे दिवसाला चार तास. सहा दिवसांचे 24. तेव्हा शाळा काट्यावर आहे, खड्ड्यात नाही. त्या साडेतेवीस तासांत खरंच काय शिकवतात, हा पुढचा प्रश्न, आणि तो तर कॉन्व्हेंटलाही विचारावाच लागतो.

अशा शाळेतला गुरुवार-शुक्रवार बाहेरच्या माणसाला कळत नाही, म्हणून थोडं सांगते. गुरुवारी आमच्याकडे दोन गोष्टी असायच्या. सकाळी नखांची तपासणी, कारण उद्या जुम्मा. पोरं हात पुढे करून रांगेत उभी, आणि ज्याची वाढलेली सापडतील तो आधीच दात ओठांत लपवून हसतोय. आणि शेवटच्या दोन तासांत बज्म. बज्म म्हणजे मैफल, पोरांनीच चालवायची. एक पोरगं सूत्रसंचालन करतं, एक तिलावत, म्हणजे कुरआनाचं पठण करतं, कोणी नात, म्हणजे पैगंबरांच्या स्तुतीचं काव्य म्हणतं, कोणी भाषण, कोणी विनोद. चौथीतली पोरगी हातात कागद न घेता दोनशे लोकांसमोर पाच मिनिटं बोलते, हे मी दर आठवड्याला पाहिलंय. माझ्या स्वतःच्या मुलाच्या नामांकित शाळेत स्नेहसंमेलन वर्षातून एकदा व्हायचं, आणि त्यातही तो झाड झाला होता. शुक्रवारी मग घाईच घाई. आंघोळ, धुतलेला कुर्ता, अत्तराचा बोटभर वास, अकरापासूनच पोरांचं लक्ष घड्याळात. त्या दिवशी मी नवीन धडा कधी घेतला नाही. म्हणी घ्यायचे, कोडी घ्यायचे. पोरं जुम्म्याला कोडं घेऊन घरी जायची आणि शनिवारी उत्तर आणायची. अर्धी उत्तरं आज्यांनी दिलेली.

तुमचं खरं दुखणं मला इथं दिसतं: लेकीच्या दिवसात एकच काम दोनदा होतंय. सकाळी शाळेत नाजरा, रात्री मकतबमध्ये पुन्हा नाजरा. दोन शिक्षक, बहुधा दोन वेगळे कायदे, दोन वेगळे सबक, म्हणजे धडे. मकतब कशासाठी असतं? जी मुलं साध्या शाळेत जातात, त्यांना तासभर कुरआन शिकता यावा म्हणून. तुमच्या शाळेत ते आधीच होतंय. (लोक मकतब, मदरसा, उर्दू शाळा, इस्लामी शाळा सगळं एकाच पोत्यात भरतात. मकतब म्हणजे शाळेनंतरचा तास, तिथं दाखला-बिखला मिळत नाही. मदरसा मुख्यतः धर्मशिक्षणाचा. उर्दू शाळा म्हणजे फक्त माध्यम उर्दू. आपल्या महानगरपालिकेच्याही आहेत, आणि बालभारती त्यांच्यासाठी उर्दूत पुस्तकं छापते. तुमची चौथ्या प्रकारची: सरकारी अभ्यासक्रम, शिवाय दीनियात.)

साडेदहा ते सहा म्हणजे साडेसात तास झोप झाली. सात वर्षांच्या मुलाला 9 ते 12 तास लागतात. तेव्हा सकाळी रडते ती शाळेसाठी नाही, झोपेसाठी. कॉन्व्हेंटला घातलंत तर मकतब ठेवावंच लागेल आणि ती तिथेही रडेल. ट्यूशनही बघा. दुसरीच्या मुलीला ट्यूशन कशाला? 2020 च्या राष्ट्रीय दप्तर धोरणात तर दुसरीपर्यंत गृहपाठच नको म्हटलंय, आणि दप्तर मुलाच्या वजनाच्या दहाव्या हिस्स्याहून जड नको. शाळा होमवर्क देत असेल तर हे त्यांना शांतपणे दाखवा. माझं मत विचाराल तर: मकतब बंद, ट्यूशन बंद, साडेआठला जेवण, नऊला दिवा बंद. तेवढंच एक महिना करून बघा. शाळा बदलायचा विषय महिनाभर घरात काढूच नका.

सासूबाई म्हणतील, मकतब सोडलं तर दीन, म्हणजे धर्म सुटेल. त्यांना तोंडानं समजावू नका. त्या वेळेला लेकीला त्यांच्यापाशी बसवा आणि सांगा, आज शाळेत झालेला सबक दादीला ऐकव.

‘नुसतं पाठ, अर्थ कळत नाही’ हे तुम्ही लिहिलंय, त्यावर मी थोडी रेंगाळणार आहे. मीही आधी असंच म्हणायचे. नोकरीच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत मी मराठी कसं शिकवलं सांगू? फळ्यावर धडा लिहायचा, पोरांनी उतरवायचा. वह्या बघाव्यात तर मोत्यासारखं अक्षर. तपासणीला आलेले साहेब खूश. एकदा एका हुशार मुलीला म्हटलं, बाळ, हे वाच. ती गप्प. तिला एक अक्षर येत नव्हतं, ती चित्र काढत होती! घोटून घेणं माझ्याच वर्गात चाललं होतं, आणि नावं मी शेजारच्या वर्गाला ठेवत होते.

शेजारच्या वर्गात हिफ्जवाल्या, म्हणजे कुरआन तोंडपाठ करणाऱ्या पोरांना हाफिजजी बसवायचे. मी एक दिवस त्यांची परवानगी घेऊन मागे जाऊन बसले. त्यांची तऱ्हा अशी: आजचा नवा भाग तो सबक. गेल्या काही दिवसांत झालेला तो सबकी. आणि आधीचा सगळा जुना साठा ती मंजिल. रोज तिन्ही ऐकवायचे. नवं थोडंसं, कालपरवाचं जास्त, जुनं फिरून फिरून. आणि प्रत्येक पोरानं एकट्यानं, समोर बसून. हाफिजजी डोळे मिटून ऐकायचे, एक स्वर घसरला तर बोट उचलायचे, पोरगं थांबून मागे जायचं. मी 40 पोरांना एकदम ‘समजलं का?’ विचारत होते, आणि ते एकेकाला ऐकत होते.

दुसऱ्या दिवसापासून मी फळा सोडला. रोज पाच नव्या ओळी, आठवड्याभरातल्या वीस, आणि मागच्या महिन्यातलं काहीही. वाचून दाखवायचं, माझ्यासमोर, एकेकानं. पोरांना ती रीत अंगवळणी होतीच. कान तर त्यांचे असे तयार, की मी एकदा घाईत ‘पाणी’ ऐवजी ‘पानी’ म्हटलं तर मागच्या बाकावरून आवाज आला, मॅडम, मखरज!

कुरआनाचं पाठांतर अर्थ कळण्याआधी होतं, हे खरं. आपणही पाढे, पावकी-निमकी, शुभंकरोती सगळं आधी पाठच केलं. ते त्या वयात चालतं, आवाजाचं शिक्षण आहे ते. चालत नाही ते विज्ञानात, परिसर अभ्यासात आणि भाषेच्या पुस्तकात. तेव्हा कसोटी लावा. परवा शाळेतून आली की विचारा, आज कोणता धडा झाला, त्यात काय होतं? पुस्तकातलं वाक्य जसंच्या तसं आलं तर विचारा, आपल्या घरात असं काय आहे? तिनं माठ, कुंडी, गॅलरीतलं कबूतर काही दाखवलं तर शाळा ठीक. तोच तोच प्रश्न-उत्तराचा गठ्ठा आला तर वर्गशिक्षिकेला भेटायची वेळ झाली. दुआंचीही कसोटी हीच. शाळेत सकाळी ‘रब्बी जिदनी इल्मा’ म्हणत असतील. तिला विचारा, याचा अर्थ काय गं? ‘माझ्या रबा, माझं ज्ञान वाढव’, तीन शब्द आहेत. तेवढंही कोणी सांगितलं नसेल तर पुढच्या पालकसभेत हा प्रश्न हक्कानं विचारा. हा विचारायला अरबी यावं लागत नाही.

तुमच्या भावाचं म्हणणं मात्र मी उडवून लावणार नाही, तो अर्धा बरोबर आहे. इंग्रजी, उर्दू, अरबी यांच्या गर्दीत मराठीचा तास हा पीटीच्या तासासारखा कोणीही खाऊन टाकतो. मी स्वतः कितीदा माझा तास इतरांना ‘उसना’ दिलाय, परत कधी मिळाला नाही. महाराष्ट्रात 2020 च्या कायद्यानं सगळ्या मंडळांच्या, सगळ्या माध्यमांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी सक्तीचं आहे, आणि न शिकवणाऱ्या शाळेला एक लाखापर्यंत दंड आहे. शाळेत जाऊन दंडाची भाषा करू नका. एवढंच विचारा: मराठीचे आठवड्याला तास किती, शिकवतं कोण, आणि त्या शिक्षकाचं स्वतःचं शिक्षण मराठीत झालंय का? तिसऱ्या प्रश्नावर बरेचदा शांतता पसरते. त्याच फेरीत शाळेचा 11 अंकी यूडायस क्रमांक, म्हणजे सरकारी नोंदीतला शाळेचा क्रमांकही लिहून आणा, आपल्या राज्यातला 27 नं सुरू होतो. मान्यतेचं एकदा पाहून घेतलेलं बरं, कारण चौथीनंतर दुसरीकडे जायचं झालं तर दाखल्यापाशी अडायला नको. आणि वर्गात छडी दिसली, मग ती मराठीवाल्याच्या हातात असो की हाफिजजींच्या, तर माझा वरचा सगळा सल्ला विसरा आणि मुलीला काढा.

बाकी मराठी शाळेच्या भरवशावर सोडू नका, कारण त्या घरात मराठीची शाळा तुम्हीच आहात. तुम्ही लिहिलंय की सासरी उर्दू-हिंदी बोलतात. तुम्ही लेकीशी कोणत्या भाषेत बोलता, ते लिहिलंच नाही. माझा अंदाज आहे, हिंदीत. बरोबर ना? नव्या घरात आपली भाषा हळूहळू गुंडाळून माळ्यावर ठेवायची सवय बायकांना फार लवकर लागते. ती खाली काढा. लेकीला आंघोळ घालताना, वेणी घालताना, पोळ्या लाटताना मराठी बोला, वऱ्हाडीच बोला. शुद्धलेखन नंतर बघू. रविवारी आर्वीला फोन लावला की तिला मामाशी पाच मिनिटं मराठीत बोलायला लावा. भावाला काळजी आहे ना, मग त्यानंही दर रविवारी एक गोष्ट सांगावी. तलाठ्याच्या परीक्षेला अजून पुष्कळ वर्षं आहेत.

रमजानचं एक जाता जाता. शाळेच्या वेळा तेव्हा बदलतील, झोप पुन्हा विस्कटेल, आणि लेक म्हणेल मलाही रोजा धरायचा. महिना दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, त्यामुळे तो आपल्या नागपूरच्या कोणत्या उन्हात येतोय ते बघून सासूबाई आणि तुम्ही मिळून ठरवा. शाळेतल्या मैत्रिणींच्या चढाओढीवर ते ठरू देऊ नका.

आता गुरुवारचं. वर्गशिक्षिकेला भेटाल तेव्हा विचारा, त्यांच्याकडे बज्म होते का, आणि तिच्यात मराठी असतं का. नसेल तर एका पावसाच्या कवितेची परवानगी मागा. दुसरीतली पोरगी चार कडवी सहज म्हणते. कविता अशी निवडा की जिच्यात ळ भरपूर असेल: ढगाळ, सकाळ, ओंजळ, खळखळ. दोघींनी मिळून तयारी करा, सबक-सबकी-मंजिल पद्धतीनं, रोज एक कडवं नवं आणि मागची सगळी जुनी. सासूबाईंना ऐकायला बसवा. त्यांना मराठी फार येत नसेल, तर लेकच त्यांना सांगेल, दादी, तुझा ळ चुकतो. त्या वेळी तुम्ही हसू नका म्हणजे झालं.

आणि मकतबच्या हाफिजजींना मुलगी उद्यापासून येणार नाही, हे फोनवर किंवा दुसऱ्याकडून कळवू नका. तुम्ही आणि तुमचे मिस्टर स्वतः जा, लेकीला सोबत न्या. त्यांनी तिला अलिफपासून शिकवलंय. सगळा कायदा एकदा त्यांना ऐकवून दाखवू द्या, आणि निघताना पाव किलो संत्रा बर्फी तिच्याच हातानं द्या.